हॉलमधल्या पुराची निळी खूण

अहो,

विम्याच्या ऑफिसात जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

घराच्या विम्याचा हप्ता यंदा दुप्पट का झाला, ते कळलं. वन्सं समुद्राकाठी राहतात, त्यांना दर चढा. भाऊजी डोंगरावर, त्यांना निम्मा. एकाच राज्यात गावागणिक दर वेगळा, हे मला मान्य आहे. पण आपण धड समुद्राकाठी नाही, नदीकाठी नाही, तरी वन्संपेक्षा जास्त? म्हणून काल पाहणीचा कागद मागवून वाचला. त्यात लिहिलंय, "हॉलमध्ये पुरुषभर पुराच्या पाण्याची निळसर खूण. घरमालकांचा दुजोरा."

डोंबलाचा पूर! तुम्ही भिंत रंगवायला घेतलीत आणि शिडीवर न चढता हात पोहोचला तिथे थांबलात, ती खूण आहे ती. पाहणीवाल्याने "पाणी इथवर चढलं होतं का?" विचारलं आणि तुम्ही चक्क "हो" म्हणालात!

भिंतीचा फोटो आणि रंगाची पावती घेतली आहे. हप्ता उतरवूनच परत येईन, निश्चिंत राहा.

आणि रंग संपला म्हणाला होतात ना? जिन्याखाली अर्धा डबा सापडला. परवा कठडा घट्ट धरून डोळे मिटून उभे होतात, तेही पाहिलंय मी. परक्या माणसाला सांगायची लाज वाटली, समजू शकते. पण मला?

डॉक्टरांची पाचची वेळ घेतली आहे. शर्ट बदलून तयार राहा. त्यांनी "चक्कर येते का?" विचारलं, की असंच चटकन "हो" म्हणा.