चाक उजवीकडे असलेले दोनशे चौदा व्हिडिओ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहिते आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलीने आणून पाहिला होता, त्याबद्दल पुढे येईल.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. भांडायला दुसरं कोणी नाहीच.

२. दुकानातली सगळी हत्यारं माझ्या हाताखाली तयार झालेल्या मेकॅनिकबाईला. अट एकच. बारीक स्क्रूड्रायव्हरने तिने डब्यांची झाकणं उघडू नयेत.

३. आता माझी खरी मिळकत. इंटरनेटवर माझे मशीन दुरुस्तीचे दोनशे चौदा व्हिडिओ आहेत. आमचे हे निवृत्त झाल्यावर घरभर येरझाऱ्या घालून माझं डोकं खात, म्हणून मी त्यांच्या हातात फोन दिला. मी मशीन उघडायची, त्यांनी टिपायचं. "अगं, तुझा हात आड येतोय." "मग मान वाकडी करा की!" हे भांडण जवळपास प्रत्येक व्हिडिओत आहे. हे जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा आवाज मला दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

४. एका महाभागाने माझे चाळीस व्हिडिओ उचलून स्वतःच्या नावावर टाकले. चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्याने चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं आणि आमचे आवाज काढून टाकले. त्यामुळे स्क्रू उलट्या बाजूला फिरू लागले. लोकांनी ते बघून आवळायचे ते सैल केले, आणि बंद पडलेली मशीनं घेऊन माझ्याच दारात आले. मी तक्रार केली, तर साइटवाले म्हणाले, व्हिडिओ तुमचेच कशावरून? मी लिहिलं, "मशीनचं चाक उजवीकडे असतं. त्याच्या व्हिडिओत डावीकडे आहे. तसं एक मशीन त्याने आणून दाखवावं, मी धंदा बंद करते." आठवड्यात त्याचे चाळीसही व्हिडिओ गेले. त्याच्यावरचा माझा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर संपेल.

५. नंतर एका कंपनीने सगळे हक्क विकत मागितले. त्यांना चित्र हवं होतं, आवाज नव्या बाईचा घालणार होते. मुलगी म्हणाली, "आई, देऊन टाक. शिकवणं तुझं आहे, बाबांची बडबड कोण ऐकतंय?" मी त्याच रात्री कंपनीला नकार कळवला.

६. मृत्युपत्राचं विचारायला गेले तेव्हा वकीलबाईंनी वेगळीच गोष्ट काढली. "कॅमेरा त्यांनी धरला, म्हणजे त्यांचाही हक्क. तो तुम्हा दोघींकडे आला. मुलीची सही नसेल तर तुम्ही एकट्या काही ठरवू शकत नाही." मुलगी अडून बसली असती, तर हे दुसऱ्यांदा गेले असते.

मुलीने यांचा जुना फोन मागून नेला. कुठले व्हिडिओ बाबांनी घेतले ते बघते म्हणाली. चौथ्या दिवशी आली ती डोळे सुजवून. व्हिडिओला न जोडलेला एक तुकडा तिने मला लावून दाखवला. मी तेल आणायला उठले आहे, खुर्ची रिकामी आहे, आणि हे फोनमागून हळू आवाजात सांगताहेत, "ती येईपर्यंत सांगून ठेवतो. मी नुसता फोन धरतो. यातलं सगळं तिचं आहे."

"तोंडी बोललेलं कायद्यात पुरेसं नाही," तो तुकडा ऐकून वकीलबाई म्हणाल्या.

"मला पुरे आहे," मुलगी म्हणाली, आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. मी तिथेच रडले.

७. म्हणून माझ्या पश्चात सगळे व्हिडिओ मुलीने सांभाळावेत. ज्याला शिकायचं आहे, शिकवायचं आहे, त्याने ते खुशाल फुकट बघावेत, दाखवावेत. विकू नयेत, उलटे करू नयेत, आवाज काढू नये. करणारी म्हणून माझं नाव आहेच. त्याच्या आधी यांचं लिहावं. त्यांचं म्हणणं मला मान्य नाही.

स्थळ: माझं दुकान, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: चौदा, सोमवार, सकाळी अकरा

सही: मशीनमावशी

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
२. समोरचे चष्मेवाले