मोटारीच्या नाकाखालचा पंख

प्रिय एर्सिलिया,

दादाचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? नोरिनाला दात आले का? मी इथे मोदेनात ठणठणीत आहे, काळजी नसावी.

शर्यतीच्या गाडीला पुढे, जमिनीलगत, उलटा पंख लावतात. विमानाचा पंख उचलतो, हा गाडीला खाली दाबतो. यंदाचा आकार मी निवडला होता, चांगला खोल पोटाचा, म्हणजे खालून जास्त फुगीर. गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यात कामाला आलेल्या लेआर्कोने उथळ पोटाचा काढला.

मी म्हटलं, "ही काय ताटली आहे?"

"दादा, जमिनीजवळ तर नेऊन बघा," तो गोड हसला. त्याचं ते हसणंच मला सोसत नाही.

पोटांना लोकरीचे धागे चिकटवून दोन्ही पंख वाऱ्याच्या झोतात धरले. जमीन म्हणून खाली धरलेली फळी लांब होती तोवर माझाच सरस. मग ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक वाकतं, तशी मालकांनी फळी जवळ सरकवली. माझे धागे फडफडू लागले. वारा पोटाला सोडून गेला, दाबही गेला. त्याचे धागे चिकटून बसलेले.

मालक म्हणाले, "ओत्तोरिनो, तुझा पंख आकाशातच बरा!" सगळे हसले. जेवायलाही ते नेहमीसारखे माझ्याशेजारी न बसता लेआर्कोशेजारी बसले, मी तिथे नव्हतोच जणू.

आणि रविवारच्या शर्यतीसाठी त्याचा पंख ठोकून घडवायचा कुणी? मीच! जरा वाकडा ठेवावा, असं मनात आलं. पण गाडीत कुणाचा तरी मुलगा बसणार. आरशासारखा गुळगुळीत केला.

लगेच उत्तर लिही. फक्त त्यात लेआर्कोचं कौतुक नको, ते इथे पुरेसं होतंय.

तुझा दादा
ओत्तोरिनो