पूर्ण एक मिनिट

३ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातला एक खास तुझ्या पायांना. वॉर्डात नवीन मुलीचे आधी पाय जातात, मग तोंडाचा ताबा.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. छत्तीस वर्षं मी कुणाची तोंडी ऑर्डर घेतली नाही. डॉक्टर कितीही मोठा असो, लेखी द्या, सही करा, मग गोळी. आता म्हातारपणी भाचीशी तोंडी व्यवहार कशाला सुरू करू? शिवाय फोनवर तू मी बरी आहे का विचारतेस आणि मी हो म्हणून मोकळी होते. कागदावर खोटं बोलायला मला जमत नाही.

तर लेखी कळवते की जिच्या चपलांचा आवाज ऐकून अख्खा हार्ट वॉर्ड चादरी सरळ करायचा, ती तुझी मावशी आता स्वतःच हार्ट पेशंट आहे. ठोके बेताल झालेत म्हणे. म्हणून रोज सकाळी सहाला मीच सिस्टर आणि मीच पेशंट. सिस्टर पेशंटची नाडी पूर्ण एक मिनिट मोजते. साठ किंवा वर असली तरच ठोके आवरणारी डिगॉक्सिनची गोळी देते आणि वहीत सही करते. कमी भरली तर गोळी नाही, डॉक्टरांना कळवायचं. पेशंट भारी कटकटी आहे, सिस्टर तिच्याहून वाईट. तुझे काका चहाचा कप घेऊन दारात उभे राहतात आणि मोजणी संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतात.

एक वाईट बातमी. निवृत्त होताना मिळालेलं, छातीवर लावायचं माझं घड्याळ परवा बादलीत पडलं. धुणं भिजवायला वाकले आणि डुबुक! दोन दिवस खिडकीत वाळवलं, किल्ली दिली, तर पठ्ठ्या चालायला लागला की! वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहेच, हे फक्त नाडीपुरतं. तुझा त्याच्यावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे. मी चालतेय तोवर मिळायचं नाही.

तुझी पहिली चूक कळव. लोभ आहेच, तो वाढवायला अजून बरीच जागा आहे.
तुझी,
मावशी

८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार बसूनच केला आहे, गुडघ्यांनी संप पुकारलाय.

पहिली चूक मागितलीस, घे. प्रेशरची गोळी घेणाऱ्याला झटकन उठू द्यायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय लोंबकळू द्यायचे, मग हळूच उभं करायचं. हे मी बारा नंबरच्या आजोबांना समजावून सांगण्यात इतकी रंगले की स्वतः सकाळपासून उपाशी आहे हे विसरले, खाली वाकलेली फटकन उठले आणि त्यांच्याच पलंगावर आडवी झाले. आजोबांनी बेल दाबून कळवलं की सिस्टरला सिस्टर हवी आहे. तेव्हापासून रोज मी दिसले की ते मला पाय लोंबकळवायची आठवण करतात.

इन्चार्ज सिस्टरनी नुसतं बघितलं. त्या तुझ्या हाताखाली शिकल्यात ना, ते बघणं मी लहानपणापासून ओळखते.

सोबत प्रेशर मोजायचं मशीन पाठवतेय. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, प्रेशर आणि नाडी दोन्हींचे आकडे येतात. नाक मुरडू नकोस. बोटांनी नाडी कळते, प्रेशर कळत नाही, हे तूच शिकवलंस. आई गेल्यापासून मला हक्काने ओरडणारं माणूस एकच उरलंय, आणि ते स्वतःच सिस्टर, स्वतःच पेशंट होऊन बसलंय. मला तुझी काळजी वाटते. घे, लेखी दिलं.

काकांना नमस्कार आणि श्वास घ्यायची परवानगी.
तुझी,
ठकू

१३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ. मशीनला मात्र एकही नाही.

तुझं मशीन बिनडोक आहे. पहिल्या दिवशी त्याने नाडी दाखवली अठ्ठेचाळीस. मी लगेच घड्याळ काढलं, पूर्ण एक मिनिट मोजली, बासष्ट. दुसऱ्या दिवशी मशीन सत्तेचाळीस, मी एकसष्ट. तिसऱ्या दिवशी काकांनी भीत भीत सुचवलं की मशीनचं खरं असलं तर? मी त्यांना विचारलं की छत्तीस वर्षं वॉर्ड मशीनने चालवला का मी? बिचारे चहा ढवळायला लागले. चित्रकलेचे मास्तर ते, समोरच्याचा चेहरा कधी पाहायचा नाही हे त्यांना बरोबर कळतं.

तर मशीन पार्सलने परत पाठवतेय. दुकानदाराला नेऊन दाखव आणि माझ्यातर्फे चार शब्द सुनाव. अशा यंत्रावर विसंबून कुणी गोळी बंद केली तर केवढ्याला पडेल!

बाकी ठीक. काकांच्या हाताला हल्ली चव राहिलेली नाही, सूप साबणाच्या पाण्यासारखं लागतं. मी तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाले रोजचंच सूप आहे. म्हणजे रोजच साबण घालत असणार.

लोभ असू दे, मशीन नसू दे.
तुझी,
मावशी

१७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. मशीन पोचलं. तू त्याला गुंडाळलंस असं की आत एखादा आरोपी आहे.

तू म्हणतेस तर ते बिघडलेलंच असणार. तुझ्या बोटांपुढे मशीन म्हणजे काय! इन्चार्ज सिस्टरना सांगितलं तर त्यासुद्धा हसल्या, पहिल्यांदाच. म्हणाल्या, बाईंचं बोट म्हणजे शेवटचा शब्द. सुट्टी मिळाली की दुकानात जाते आणि तुझ्या आवाजात भांडते. तो मला येतो, लहानपणी आरशासमोर सराव केलाय.

पुढच्या आठवड्यात आमची तोंडी परीक्षा आहे, सगळ्यांसमोर. हृदयाची औषधं, प्रत्येकाचा त्रास कसा ओळखायचा, कधी थांबवायचं. मी रात्रंदिवस घोकतेय. काल जेवताना मीठ मागायच्या ऐवजी पोटॅशियम मागितलं.

काकांच्या सुपाची बाजू मी घेणार नाही, पण त्यांना एवढं ओरडू नकोस.
तुझी,
ठकू

२० मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आज चिडलेय, अक्षर वाईट येतंय. बैठकीतले पांढरे पडदे लाँड्रीत दिले होते, ते पिवळट करून आणले. लाँड्रीवाल्याला दारात उभं करून विचारलं, तर तो शपथेवर सांगतो की पांढरेच आहेत. काकांना निवाडा करायला बोलावलं, तर तेही त्याच्याच बाजूचे. चाळीस वर्षं मुलांना रंग शिकवले आणि या माणसाला पांढरा ओळखता येत नाही! दोघांनाही सांगून टाकलं, आधी डोळे तपासून या. पडदे परत धुवायला पाठवलेत. दिव्याभोवतीही काहीतरी पिवळी कडा दिसते, बल्बसुद्धा हल्ली धड मिळत नाहीत.

जेवण जात नाही. दोनदा उलटी झाली, पण त्याला सूप जबाबदार आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, त्याला वय जबाबदार आहे. नाडी मात्र चोख. आज बरोबर साठ भरली. काठावर, पण साठ म्हणजे साठ. गोळी घेतली, सही केली. बघ, सगळं जग बिघडलं तरी एक माणूस नियमाने चाललंय.

तुझ्या परीक्षेला शुभेच्छा. उत्तर येत नसेल तर नाडी मोजायला लाग, तेवढा वेळ मिळतो.
तुझी,
मावशी

२४ मार्च, दुपार

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. आणि हे पत्र कुरियरने येतंय, कारण चोवीस तासांत पोचायला हवं.

काय झालं ते क्रमाने लिहिते. सकाळी परीक्षेत मला डिगॉक्सिन आलं. रक्तात जास्त साठलं तर काय दिसतं? मी पोपटासारखी बोलत सुटले, भूक मरते, चव जाते, उलटी होते, नाडी साठच्या खाली उतरते, वस्तू पिवळ्या दिसतात, दिव्याभोवती कडा दिसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, बाईंची भाची शोभतेस. मावशी, त्या वेळी तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. वाचून झालेलं! पडद्यांचं वाचून मी हसले होते.

टाळ्या घेऊन मी दुकानात भांडायला गेले. दुकानदाराने शांतपणे मशीन माझ्या दंडाला लावलं, मग स्वतःच्या, आणि दोन्ही वेळा मला शेजारी बसून बोटांनी नाडी मोजायला लावलं. मशीन बरोबर होतं. तिथेच मी खिशातलं तुझं पत्र काढून परत वाचलं. बिघडलेलं दुसरंच काहीतरी होतं, आणि तुझ्याकडे नाडी मोजायला दुसरं एकच होतं.

काकांना फोन करून तुझं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरायला लावलं. त्याचा सेकंदकाटा सहापासून वर चढताना रेंगाळत चालतो. त्याचं एक मिनिट पुरं व्हायला अठ्ठ्याहत्तर सेकंद लागतात. म्हणजे तुझी साठ ही सेहेचाळीस होती.

तुझ्या डॉक्टरांना विचारलं आणि गोळी बंद करायला सांगायला तुला फोन केला. ऑर्डर त्यांची आहे, निरोप माझा. आणि तू फोनवर काय म्हणालीस? तोंडी ऑर्डर घेत नाही म्हणून! मला रडू फुटलं, मग मी तुझ्याच आवाजात ओरडले. तातडीत तोंडी ऑर्डर चालते, ऐकणारीने ती शब्द न शब्द परत म्हणून दाखवायची आणि देणारीने चोवीस तासांत लेखी द्यायची, हा नियम तुझाच. मग शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलंस, गोळी बंद, आजच दवाखान्यात.

आत्ताच काकांनी कळवलं की तुला दाखल केलंय, मॉनिटर लावलाय. रविवारची सुट्टी मिळाली आहे, येते. आठवडाभर मी मशीनला खोटं आणि तुला खरं धरलं. पेशंटचं सगळं ऐकलं, फक्त पेशंट म्हणून ऐकलं नाही. मला माफ कर.

लेखी ऑर्डर: डिगॉक्सिन बंद, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.
सही,
ठकू

२८ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ. आणि एक शिरसाष्टांग नमस्कारसुद्धा, वयाचा हिशेब न करता.

ऑर्डर एकविसाव्या तासाला पोचली. वहीत चिकटवली. त्याच पानावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा लिहिलं, गोळी दिली नाही, कारण सिस्टर मूर्ख.

दवाखान्यात नाडी चव्वेचाळीस भरली. डिगॉक्सिनच्या जोडीला घेते त्या लघवीच्या गोळीने अंगातलं पोटॅशियम उतरलं होतं, त्यावर उलट्या, आणि वर डिगॉक्सिन साठत गेलेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस असंच चाललं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही छत्तीस वर्षं ते वाक्य तिथेच सोडायचे, पण पलंगावरून ते फार वेगळं ऐकू येतं. घाबरले गं.

तिथे तुझ्यासारखीच एक नवीन मुलगी होती. मॉनिटर टिकटिक करत असतानाही तिने माझं मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, सगळ्याच सिस्टर असं शिकवतात, पूर्वी कोणी खाष्ट बाई होत्या म्हणे. मी ओळख दिली नाही. त्या बाईंचा चार्ट तिच्या हातात होता आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं.

पहिल्या पत्रात मी ऐटीत लिहिलं होतं की कागदावर मला खोटं बोलता येत नाही. बोलता येतं. रोज सकाळी सहाला, सही करून. शेकडो मुलींकडून पिवळं दिसणं घोकून घेतलं, आणि स्वतःला दिसलं तेव्हा लाँड्रीवाल्याला धारेवर धरलं. खरं सांगू का, पडद्यांचं ते पत्र लिहिताना एकदा हात थबकला होता. पण मनात आलं ते लिहिलं असतं तर मी पेशंट ठरले असते. सिस्टर राहायची इतकी हाव की पडदा, बल्ब, सूप, नवरा, सगळे खोटे पाडले. तू माफी मागू नकोस. तुला माझ्यावर विश्वास ठेवायला मीच शिकवलं, जरा जास्तच चांगलं शिकवलं.

काल घरी आले. लाँड्रीवाल्याला चहाला बसवून हात जोडले. तो बिचारा मलाच धीर देत बसला. काकांच्या सुपाला चव आली आहे, किंवा मला. मशीन परत घेऊन ये, आणि ते घड्याळही तुझंच. दुरुस्त कर आणि मग लाव, उलट क्रम नको. मी चालतेय तोवर मिळायचं नाही असं म्हटलं होतं ना, मी चालतेय, पण शब्द बदलते.

आज सकाळी सहाला जाग आली तेव्हा पडदे पांढरे होते. काकांना हाक मारून दाखवले. त्यांनी बघितले, मग चष्मा पुसत बसले.

उद्या तू येणार, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, दारातच हातात देईन. वाचून झालं की काही बोलू नकोस, तोंडी मी काही घेत नाही. नुसता माझा हात हातात धर, पूर्ण एक मिनिट. मी मोजणार नाही.

तुझी पेशंट,
मावशी