बंपरला भोक पाडायचं नाही

१ फेब्रुवारी, शनिवार
बंपर आला. क्रोमवाल्याने जीव ओतलाय. समोर वाकून भांग पाडता येईल इतका लखलखीत. मी पाडलाही.

नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट: बंपरच्या बरोबर मधोमध कुणा नतद्रष्टाने दोन भोकं पाडून ठेवली होती. क्रोम चढवण्याआधी ती मी भरून घेतली. क्रोमवाला म्हणाला, राहू द्या की साहेब, कशाला तरी असतील. मी म्हटलं, कंपनी असली भोकं पाडत नसते. त्याला नजर असावी लागते.

गाडी सासरेबुवांची. वर्षानुवर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. त्यांनी ती स्वतःच्या मुलाला न देता मला, जावयाला दिली. मेहुणा म्हणतो, मी नको म्हटलं म्हणून तुम्हाला दिली. म्हणू दे.

२ फेब्रुवारी, रविवार
चहाच्या वेळी सासरेबुवांनी जाहीर केलं की अठ्ठावीस तारखेला ते मेहुण्याकडे राहायला जाणार. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेलेले. मेहुण्याचं घर तळमजल्यावर आहे.  ही कपबशा विसळत राहिली, विसळलेल्या पुन्हा विसळल्या.

मग म्हणाले, जाण्याआधी एकदा गाडीतून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ. सासूबाई असताना दर रविवारी ते तिथे जायचे. थर्मासमधला चहा संपेपर्यंत बसायचे आणि परत यायचे. मी म्हटलं, एकदा काय, दहादा जाऊ.

ते गॅलरीत गेले, वरून गाडी पाहिली आणि विचारलं, पुढची नंबर प्लेट कुठाय? ती लागल्याशिवाय मी गाडीत बसायचा नाही. वजनमापे खात्यातून रिटायर झालेला माणूस. नियमाच्या बाबतीत सख्ख्या लेकीलाही सोडायचे नाहीत. गाडी बंद करून ठेवताना दोन्ही प्लेटा त्यांनी स्वतः काढून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. कुणी गाडी पळवून नेऊ नये म्हणून. त्या आज मला दिल्या.

मागची लगेच बसली. पुढची उद्या. दहा मिनिटांचं काम.

(खासगी) लग्न होऊन एवढी वर्षं झाली, सासरेबुवांनी माझ्या कुठल्याही कामाला ‘छान’ म्हटलेलं नाही. ‘ठीक’ एकदा म्हणाले होते, हॉलमधला पंखा बसवला तेव्हा. पंखा नंतर पडला. या वेळी ‘छान’ घ्यायचंच.

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून लवकर निघालो. प्लेट हातात घेऊन गाडीपुढे उभा राहिलो. लावायची कुठे? कंपनीने पुढे जागाच ठेवलेली नाही. त्या काळच्या लोकांना सौंदर्याची जाण होती, गाडीच्या तोंडावर पाटी मारायची त्यांना कल्पनाच सहन झाली नसती. मला त्यांचं पटतं.

प्लेटलाही दोन भोकं आहेत, वीतभर अंतरावर. त्या काळी दिसेल त्याला भोकं पाडायची हौस असावी.

आज संकल्प केला: काय वाटेल ते होवो, बंपरला भोक पाडायचं नाही. जगात गोंद आहे, तार आहे, विज्ञान आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
डबल साइड टेप. पाकिटावर लिहिलंय की याने भिंतीला आरसा टिकतो. प्लेट लावली. लांबून पाहिली. देखणी! गाडी सुरू केली, गेटपर्यंत नेली. गेटपाशी ‘टण्ण’ असा आवाज आला आणि प्लेटवरून पुढचं चाक गेलं.

दोष टेपचा नाही. क्रोम जास्तच गुळगुळीत झालाय. म्हणजे चूक असलीच तर माझ्या उंची दर्जाची आहे.

प्लेट हातोडीने सरळ केली. जवळजवळ.

८ फेब्रुवारी, शनिवार
तळमजल्यावरचे कर्नल येऊन गेले. कर्नल कधीच सैन्यात नव्हते, पोस्टात होते. मिशांवरून नाव पडलंय. म्हणाले, लोहचुंबक लावा, पठ्ठ्या हलणार नाही.

फ्रिजच्या दारावरचे सगळे लोहचुंबक काढले. प्लेट आणि बंपर यांच्यामध्ये ठेवले, झकास बसली. गाडी बंद असताना. इंजिन सुरू झालं की प्लेट हळूहळू डावीकडे सरकायला लागते आणि मडगार्डपाशी जाऊन थांबते. कर्नल म्हणाले, डावीकडे वळताना उपयोग होईल.

फ्रिजवरचे सगळे कागद फ्रिजमागे पडले. त्यात सासरेबुवांची डॉक्टरांची वेळ लिहिलेली चिठ्ठी होती. वेळ गेली. ही दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. काम काही निघालं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
सासरेबुवांनी विचारलं, लागली का? मी म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे. ते म्हणाले, त्यात प्रगती कसली, दोन बोल्ट तर आहेत.

जुन्या माणसांना वाटतं की सगळं बोल्टने होतं. मी नुसता हसलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सासरेबुवांनी हिच्या हाती एक डबी पाठवली. आत तेल लावून ठेवलेले दोन बोल्ट, नटांसकट. हिने विचारलं, हे कशाला दिले असतील बाबांनी? मी म्हटलं, वय झालं की असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस. डबी ड्रॉवरमध्ये टाकली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
यश! पुढच्या जाळीला तारेने प्लेट बांधली. भूकंप आला तरी निघणार नाही. बंपरला धक्का नाही, क्रोमला ओरखडा नाही. उद्या टेस्ट ड्राइव्ह, पुढच्या रविवारी पूल. हिला म्हटलं, थर्मास घासून ठेव. हिने घासला. गुणगुणत घासला.

१६ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट ड्राइव्ह बाजारापर्यंत झाली. परत येताना चौकात बॉनेटमधून वाफ यायला लागली. जाळीमागे रेडिएटर असतो आणि त्याला वारा लागतो, ही गोष्ट मला अर्थातच ठाऊक होती. प्लेटने इतका वारा अडेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

ट्रॅफिक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. स्वतः ढकलायलाही आला, भला माणूस. म्हणाला, साहेब, प्लेट मात्र पक्की लावलीये तुम्ही. ती सोडवायला पकड आणावी लागली.

घरी आलो तेव्हा सासरेबुवा गॅलरीत होते. घड्याळ पाहिलं आणि आत गेले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मेहुण्याचा फोन. बाबांसाठी खोली रंगवून घेतली म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं करून गाडीची चौकशी. सगळं ऐकून म्हणाला, अहो भावजी, ड्रिल घ्या आणि दोन भोकं पाडा, मोकळे व्हा. याला गाडी का मिळाली नाही ते पुन्हा एकदा कळलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
प्लेट काचेच्या आत, डॅशबोर्डवर उभी करून सासरेबुवांना गॅलरीतून दाखवली. त्यांनी नुसती मान हलवली. आडवी.

ही म्हणाली, बाबांना खाली घेऊन या ना एकदा, त्यांनाच विचारा कुठे लावायची ते. मी म्हटलं, तीन जिने उतरवायचे त्यांना? या गुडघ्यांनी? आणि विचारायचं काय? जावयाला एक पाटी लावता येत नाही म्हणून सांगायचं?

गुडघ्यांचा मुद्दा खराच आहे. मी तो आधी मांडला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
स्वतः डिझाइन केलं. पट्टी बंपरच्या खालून येणार, पुढे वळणार, वर प्लेट धरणार. तीन ड्रॉइंग काढली. लोहाराने तिन्ही पाहिली, त्यातलं एक उलटं धरून पाहिलं आणि म्हणाला, मार्चअखेरीस देतो. मी म्हटलं, अठ्ठावीसला माणूस चाललाय. तो म्हणाला, अरेरे, आजारी होते का?

२३ फेब्रुवारी, रविवार
आजचा रविवार शेवटचा होता. थर्मास ओट्यावर पालथा पडून आहे.

दुपारी हिच्याशी भांडण झालं. मुद्दा थर्मासचा नव्हता. ही म्हणाली, तुम्हाला बंपर महत्त्वाचा की बाबा? मी म्हटलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. पण योग्य प्रश्न कोणता ते मला सुचलं नाही. बाबा जाणार म्हणून ही आतल्या खोलीत रडत होती, ते मी दाराबाहेरून ऐकलं आणि तिथेच उभा राहिलो. वाईट वाटलं. फार वाटलं.

नवा संकल्प: बंपरला भोक पाडायचं. गुरुवारी रजा टाकून पूल.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ड्रिल मशीन आणलं. आधी सराव करावा म्हणून भाजी कापायच्या फळीवर एक भोक पाडलं. लोण्यासारखं गेलं. हात उपजत चांगला आहे माझा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ही फळी उचलायला गेली तेव्हा खाली जेवणाच्या टेबलालाही भोक दिसलं. सध्या त्यावर मिठाची बाटली ठेवली आहे. सासरेबुवांनी जेवताना मीठ मागितलं. मी आणि हिने एकाच वेळी सांगितलं की मीठ वाईट असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
पहाटे उठलो, हात-पाय धुऊन शांत चित्ताने बसलो. बंपरचा मध्य मापला. पेन्सिलीने खूण केली. क्रोमवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून अंदाजाने ड्रिल टेकवलं आणि बटण दाबलं.

क्रोम गुळगुळीत असतो हे मी पाच तारखेला लिहून ठेवलंय. वाचून बघायला हवं होतं.

ड्रिल सुटलं आणि मधल्या भागापासून थेट उजव्या टोकापर्यंत ओरखडा गेला. भोक पडलं नाही. बराच वेळ तिथेच फरशीवर बसून राहिलो. बंपरमध्ये माझा चेहरा दिसत होता, मधून रेघ मारलेला.

कर्नल आले. म्हणाले, आता हे मशीन माझ्याकडे द्या. मी दिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
रजा होतीच. सकाळी चहा पिऊन सासरेबुवांना सगळं सांगून टाकावं असं ठरवलं. शब्दही जुळवले. तोवर दारात काठीचा आवाज. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. म्हणाले, चला जावईबापू, मी खाली येतो, बघू काय अडलंय ते.

तीन जिने. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. एका बाजूला ही, एका बाजूला मी. वाटेत एकदाही थांबू या म्हणाले नाहीत.

खाली येऊन ते गाडीपुढे उभे राहिले. ओरखडा पाहिला. मग वाकले, अवघडून, बॉनेटला धरून, आणि बंपरच्या मधोमध बोट फिरवायला लागले. इकडून तिकडे. तिकडून इकडे. चष्मा काढून पुसला. पुन्हा फिरवलं. मग विचारलं, माझी भोकं कुठे गेली?

मी विचारलं, तुमची?

ते म्हणाले, कंपनीने जागा दिली नव्हती, म्हणून मीच पाडली होती. हाताच्या ड्रिलने. एक आख्खा रविवार गेला होता. तुझी आई शेजारी पंखा घेऊन वारा घालत होती. हे शेवटचं हिला उद्देशून.

ही माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे. बोल्टांची डबी, प्लेटची भोकं, एक तारखेचा तो नतद्रष्ट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. खोटं सुचेना. ती भोकं मी भरून घेतली, असं सांगून टाकलं.

मला वाटलं आता ओरडतील. ते पुन्हा वाकले. नखाने खरवडून पाहिलं. ऑफिसात वजनाचा काटा तपासत असतील तसं तिरपं होऊन उजेडात पाहिलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, छान बुजवलीयेत. कुठे होती तेसुद्धा कळत नाही.

छान. हाच शब्द. हिनेही ऐकला.

मग त्यांनी मला प्लेट मागितली. रस्त्यावर जायचं नाही म्हणाले, पण आवारात काही नियम नाही. पुढच्या सीटवर बसले, प्लेट मांडीवर उभी धरली, नंबर समोर करून. ही वर पळत गेली आणि थर्मास भरून घेऊन आली. आम्ही बिल्डिंगला चकरा मारल्या. कर्नलनी दर फेरीला सलाम ठोकला. सासरेबुवांनी काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी आलं की दर वेळी म्हणायचे, जरा हळू, पूल आलाय. चहा संपेपर्यंत फिरलो.

भोकं क्रोमवाल्याने बुजवली होती, मी नाही. हे त्यांना सांगायचं राहिलं. तशी संधी मिळाली नाही. मिळाली होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सासरेबुवा गेले. मेहुणा त्याच्या गाडीतून घेऊन गेला. त्या गाडीला पुढे प्लेट आहे. मेहुण्याने ती दाखवलीही.

पुढची प्लेट सासरेबुवांनी कागदात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत घातली. निघताना मला म्हणाले, भोकं पाडून झाली की कळवा, मी स्वतः घेऊन येतो. मागच्या काचेतून हात हलवत गेले. घर फार मोठं वाटतंय. ही त्यांच्या खोलीत चादर बदलायला गेली आहे, अजून बाहेर आलेली नाही.

क्रोमवाल्याला फोन केला. विचारलं, भरलेली भोकं पुन्हा होती तशी करून मिळतील का?  त्याने कोणाला तरी हाक मारून बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाला, साहेब, परत एकदा सांगा.

सांगितलं.