तीन पायऱ्यांचं मोटिव्हेशन

सोमवार, २ ऑक्टोबर. पहाटे ५.१०
माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची एकदा कायमची नोंद. दुकानातली रॅकं, एकूण नऊ, वावा लाकडाची. एकही डगमगत नाही. (सातवं डगमगतं, पण तिथे फरशीच वाकडी आहे.) गल्ल्याचं काउंटर, ओडुम लाकूड, उंची बेचाळीस इंच. तांदळाची तीन मापं. दारावरची पाटी, ‘प्रभूची वेळच खरी एंटरप्राइज’, अक्षरं मीच रंगवलेली. जनरेटरचं छप्पर. सासूबाईंचं कपाट. घरातली चार स्टुलं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा सहावीत सुटली. शाळेचं नुकसान.

आता मुद्दा. इथे कुमासीत, तानोसो रस्त्यावर, आमच्या बरोबर समोर, काचेचं सुपरमार्केट उभं राहतंय. उद्घाटन १ डिसेंबर. काचेवर ‘माणसं पाहिजेत’ असा कागद लावलाय. त्यांचा डोळा अबेनावर आहे.

अबेना ट्वुमवा, अकरा वर्षं माझ्या गल्ल्यावर. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव तिला पाठ, त्याच्या आईचं नाव पाठ, कुणाच्या घरी कोण आजारी हेही पाठ. ती गेली तर अर्धी गिऱ्हाइकं तिच्यामागे रस्ता ओलांडतील. हे तिला कळता कामा नये.

उपाय सापडला आहे. केजेतिया बाजारात फूटपाथवर एक पुस्तक मिळालं, दुकानातल्या स्टाफचं मोटिव्हेशन या विषयावर. आठ सेडी. कव्हर नाही, पान ४१ पासून सुरू. आधीची चाळीस पानं प्रस्तावना असणार. प्रस्तावना मी कधीच वाचत नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर
पुस्तक उत्तम. माणसाच्या गरजा मनोऱ्यासारख्या असतात. खाली आपलेपणा, त्यावर मान, सर्वांत वर स्वतःचं शिखर गाठणं. पायऱ्या तीन. पान ५८: पगार वाढवल्याने नाराजी जाते, उत्साह येत नाही. या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. मग लाल पेनाने तिसरी.

गुरुवार, ५ ऑक्टोबर
अबेनाने विषय काढला. म्हणाली, मास्टर, (मी डिरेक्टर म्हणायला सांगितलंय, पण कुणी म्हणत नाही) दिवसाचे अकरा तास उभी असते, पायाच्या नसा दोऱ्यासारख्या वर आल्यात. एक स्टूल द्या. महिन्यातून एक शनिवार सुट्टी द्या, घरच्यांच्या अंत्यविधीला तोंड दाखवता येत नाही. आणि पगारात दीडशे सेडी वाढवा.

तिन्ही नाकारलं. कारणं:
स्टूल. आमच्या कुमासीत राजालासुद्धा स्टुलावर बसवूनच राजा करतात. गल्ल्यावरच्या बाईला स्टूल दिलं तर मी कशावर बसायचं?
शनिवार. शनिवार म्हणजे धंद्याचा दिवस.
दीडशे सेडी. पान ५८.

शनिवार, ७ ऑक्टोबर
अख्खं गाव काळे-लाल कपडे घालून कुणा ना कुणाच्या अंत्यविधीला. दिवसभराची विक्री: काडेपेट्या तीन, मेणबत्ती एक. पण दुकान उघडं होतं. तत्त्व महत्त्वाचं.

मंगळवार, १० ऑक्टोबर
पहिली पायरी, आपलेपणा. सकाळी साडेसहाला स्टाफची सभा. हजर: अबेना, गोदामातला यॉ बोआडू, तांदूळ मोजणारी एस्थर डुफी, जी संध्याकाळी कॉलेजला जाते आणि त्याचा तिला अभिमान आहे. मी चाळीस मिनिटं बोललो. आपण एक कुटुंब आहोत, हे चार वेळा सांगितलं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. यॉ बोआडू महिन्याला साधारण सहा वाक्यं बोलतो. त्यातलं एक आज खर्च केलं. मास्टर, आपलेपणा झाला, आता नाश्त्याचं काय?

पुस्तकात नाश्त्याचा उल्लेख नाही. सगळी पानं पाहिली.

मंगळवार, २४ ऑक्टोबर
मनोरा तयार. नऊ दिवस लागले. ओडुम लाकूड, खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेचे. मागून सपाट, भिंतीला टेकावा म्हणून. पुढे तीन पायऱ्या. खालची जमिनीपासून अठरा इंच उंच, चौदा इंच खोल. काठ घासून गोल केले. प्रत्येकाच्या नावाची खुंटी. काम चांगलं झालं की खुंटी वरच्या पायरीवर. गल्ल्याच्या मागे ठेवला, स्टाफच्या सतत नजरेसमोर राहील असा.

बायको म्हणाली, यॉचे बाबा, (आमचा मोठा यॉ, गोदामातला नव्हे) एवढ्या लाकडात दुकानभर स्टुलं झाली असती. बायकोने पुस्तक वाचलेलं नाही.

गुरुवार, २६ ऑक्टोबर
दुपारी बँकेतून परतलो तर अबेना मनोऱ्यावर बसलेली. खालच्या पायरीवर बूड, दुसऱ्या पायरीला पाठ, आपलेपणाच्या खुंट्या तिच्या मांडीवर. हसत होती. गिऱ्हाइकांशी गप्पा चालल्या होत्या. एका म्हातारीला तिने टोमॅटोच्या दोन डब्यांऐवजी अर्धी पेटी विकली.

ताबडतोब उठवलं. ती म्हणाली, मास्टर, तुमच्या हाताला देवाने डोळे दिलेत, पाठीला बरोब्बर लागतं हो. स्तुतीने मी विरघळत नाही. ‘बसू नये’ अशी पाटी रंगवली.

आजची विक्री: वर्षातली सर्वांत जास्त. कारण कळलं नाही. बहुधा मनोरा.

शनिवार, २८ ऑक्टोबर
पाटीवर रुमाल टाकून यॉ बोआडू बसला होता. मनोरा उचलून नवव्या रॅकच्या माथ्यावर ठेवला. आता तो दुरूनही दिसतो. विक्री: मीठ, एक पुडा.

सोमवार, ३० ऑक्टोबर
दुसरी पायरी, मान. ‘महिन्याची मानकरी’. अबेनाचं मोठं पोस्टर छापायचं, नाक्यानाक्यावर लावायचं, शनिवारी दुकानासमोर जाहीर सत्कार करायचा. स्वतःला असं भिंतीवर पाहिलेली बाई समोरच्या काचेत कशाला जाईल?

अबेना आज तापाने घरी. मलेरिया. फोन बंद ठेवून झोपली आहे, असं एस्थर सांगते. बरंच झालं. तिला अचानक आनंद देता येईल.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर
असाफो भागात पोस्टर छापणाऱ्याकडे गेलो. मजकूर माझा. वर ‘कृतज्ञतेने गौरव’. मध्ये फोटो. तिचा सर्वांत चांगला फोटो मावशीच्या अंत्यविधीतला आहे, काळा झगा, लाल रुमाल, नजर दूर कुठेतरी. खाली पूर्ण नाव. वय ३६ (तपशील पुरा असावा). ‘अकरा वर्षांच्या निष्ठावान सेवेनंतर.’ सहकाऱ्यांची नावं. शनिवार, ४ नोव्हेंबर, सकाळी दहा, दुकानासमोर. काळी किनार, भारदस्त दिसते म्हणून.

छापणारा चौकस निघाला. किती दिवस आजारी होती, चर्च कुठलं, सगळं विचारलं. मी म्हटलं, ताप होता, पण आता त्याचं काय. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दहा टक्के कमी केले. घासाघीस करायची गरजच पडली नाही. माझ्या व्यक्तिमत्त्वाचा परिणाम.

गुरुवार, २ नोव्हेंबर
पोस्टरं लागली. पंचवीस. खळ मी स्वतः कसाव्याच्या पिठाची केली.

परिणाम लगेच दिसतोय. लोक पोस्टरसमोर थांबतात. पुरुष टोपी काढतात. केंके, मक्याचे आंबवलेले गोळे, विकणारी बाई डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. म्हणाली, अगं बाई, सोमवारपासून दिसलीच नव्हती! एका साध्या नोकरदार बाईला गावाने इतका मान दिलेला मी पाहिला नाही.

यॉ बोआडू आणि एस्थर दोघंही गोदामात साठा मोजायला. त्यांनाही शनिवारीच दिसेल.

शनिवार, ४ नोव्हेंबर
शांतपणे लिहितो.

दहाच्या आधीच एकशे बारा माणसं. मी मोजली. सगळी काळ्या-लाल कपड्यांत. माझी समजूत अशी की शनिवार आहे, पुढे कुठल्या तरी अंत्यविधीला जायची असतील. माम्पोंगहून अबेनाचे मामा भाड्याची व्हॅन करून आले, एकोणीस नातेवाईक घेऊन. सोबत प्लास्टिकच्या खुर्च्या. मी मनात म्हटलं, घरच्यांचा सहभाग, पान ७३.

भाषण केलं. म्हणालो, अबेनाची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही. तिने आपल्याला सर्व काही दिलं. आज ती सर्वांत वरच्या पायरीवर पोचली आहे. बायका हमसून रडायला लागल्या. मीही रुमाल काढला.

इतक्यात अबेना रस्त्याने आली. ताप उतरलेला, हातात छत्री. म्हणाली, कोण गेलं?

तिची दुसरी मावशी तांदळाच्या पोत्यांवर कोसळली. पोतं फाटलं, पंचवीस किलोचं. व्हॅनचा ड्रायव्हर व्हॅन सोडून पळाला. अबेनाने पोस्टर वाचलं, वरून खालपर्यंत, वयासकट. मग मला म्हणाली, मास्टर, एवढं चांगलं बोलायला माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची?

मामांनी मला बाजूला घेतलं. आमच्यात मरण जाहीर करायचा हक्क मामाचा. ते म्हणाले, मी जिवंत, माझी भाची जिवंत, आणि तिला मारणारा तू कोण? साबण विकणारा?

सोमवार, ६ नोव्हेंबर
अबेनाच्या घरच्या मोठ्यांनी निवाडा दिला. जिवंत बाईचा आत्मा दुखावला, तो शांत करायचा. मेंढा एक, जिनच्या बाटल्या दोन. मेंढा मीच निवडला, चांगला होता. बायको म्हणाली, यॉचे बाबा, या मेंढ्यात आणि बाटल्यांत अबेनाची वाढ आठ महिने निघाली असती. मी म्हटलं, पान ५८. ती म्हणाली, ते पान मेंढ्याला खायला घालायचं होतं.

आनंदाची गोष्ट: दुकानाचं नाव आता माम्पोंगपर्यंत गेलं.

सोमवार, १३ नोव्हेंबर
एस्थरने कॉलेजचं पुस्तक आणून गल्ल्यावर उघडं ठेवलं. मनोरा तोच, पण पायऱ्या पाच. माझ्या तिन्हीच्या खाली आणखी दोन. सर्वांत खाली अन्न, पाणी, विश्रांती. त्यावर उद्याची शाश्वती. एस्थर म्हणाली, डिरेक्टर, (पहिल्यांदाच म्हणाली, सूर आवडला नाही) तुमचा मनोरा हवेत आहे.

नव्या आवृत्तीत पानं वाढवायला काहीतरी घालतातच. शिवाय ओडुम लाकूड संपलं.

बुधवार, २९ नोव्हेंबर
दुकान बंद करताना अबेना थांबली. समोरच्यांचं पत्र आलंय. पगार इथल्यापेक्षा जास्त. पत्र मला दाखवलं, घडी घालून पुन्हा हातात धरलं. म्हणाली, मास्टर, मला रस्ता ओलांडायचा नाही. माझी माणसं या बाजूची आहेत. मेंढ्याचं विसरले मी. मागे मागितलं होतं तेवढंच द्या, जास्त नको. द्या, की मी पत्र इथेच फाडते.

उद्या सांगतो म्हणालो. रात्रभर विचार करणार. पुस्तक उशाशी.

गुरुवार, ३० नोव्हेंबर
तिसरी पायरी. मागणीपेक्षा कितीतरी मोठं दिलं: ‘आजन्म मानकरी’ प्रमाणपत्र. अक्षरं माझी, चौकट माझी, ओडुमच्या उरलेल्या तुकड्यांची. (वय घातलं नाही. माणूस चुकांतून शिकतो.)

अबेनाने चौकट हातात घेतली. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, कोपरे छान जुळलेत, मास्टर. मग गल्ल्याच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, बेचाळीस इंचांवर, आणि चौकट काखेत मारून गेली.

भारावली असावी. उद्या येईल.

शुक्रवार, १ डिसेंबर
समोर बँड. आली नाही.

शनिवार, २ डिसेंबर. दुपारी ३.४०
यॉ बोआडूची आत्या वारली. तो आणि एस्थर अंत्यविधीला गेले. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. गल्ल्यावर सकाळपासून मी उभा. काउंटर बेचाळीस इंच ही माझी एकमेव चूक असेल, खांदे भरून येतात. पायांत दोन्हीकडे कळ. गिऱ्हाइकं तीन, त्यांतली दोन अबेना कुठे आहे विचारायला आलेली. मी बोटाने दाखवलं.

काचेतून ती स्वच्छ दिसते. खुर्चीवर बसली आहे. चाकांची खुर्ची, पाठ आहे, बैठकीची उंची इथून अंदाजे अठरा इंच. माझ्याकडे पाहून तिने हात हलवला. मीही हलवला. दुसऱ्या हाताने काउंटर धरलं होतं.

४.१५
शिडी लावून मनोरा खाली काढला. गल्ल्याच्या मागे ठेवला. ‘बसू नये’ची पाटी सोडवली. बसलो.

पाठीला बरोब्बर लागतं.

नोंद पुरी असावी म्हणून. नाकारलेला प्रस्ताव: एक स्टूल (घरी चार आहेत), महिन्यातून एक शनिवार (आजची विक्री: काडेपेटी, एक), आणि रोख दीडशे सेडी.