एकतिसावा चौकोन

१८ नोव्हें. २००७, रवि.
सालोमीदीदींकडे आज पुन्हा तासभर. रायपूर राजधानी झाल्यापासून गल्लीत कोण कुठला कळत नाही, पण शेजार लाभावा तर असा. त्यांची बायपास ठरली, डिसेंबरअखेर. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स, पण आज स्वतःच घाबरलेल्या. भीती ऑपरेशनची नाही म्हणतात, गोधडीची आहे. "भाभी, मैं नहीं रही तो नाम छूट जाएँगे."

गोधडी मिशनच्या गोऱ्या मिस साहेबांची. त्या चीनमध्ये कुठल्याशा गावात शाळा चालवायच्या, औषधं द्यायच्या. मिशनवाल्यांना तिथून निघावं लागलं तेव्हा तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आपापली नावं लाल दोऱ्याने भरून ही दिली. मग त्या इकडे आल्या, छत्तीसगढी शिकल्या, दीदींना नर्स केलं. रोज सकाळी एका नावासाठी प्रार्थना, मनातल्या मनात. त्या गेल्यावर दीदी.
"पर आपको चीनी कहाँ आती है?"
"उँगली रखती हूँ. पढ़ने वाला पढ़ लेता है."

२१ नोव्हें.
गोधडीचे चौकोन मोजले, एकेकात एक नाव. सहाच्या पाच ओळी, तीस. कडेला एक जास्तीचा, कापडही निराळं. तारखेप्रमाणे चौकोन. एकतिसाव्याची पाळी वर्षात सातदाच, म्हणून दीदींची त्याच्यावर जास्त माया. "बेचारा! उसके लिए देर तक माँगती हूँ."
मी नसताना तू कर, म्हणाल्या. मी विषयच बदलला. पुरानी बस्तीच्या देवळात नारळ फोडणारी बाई मी. भित्री कुठली.

२२ नोव्हें.
यांना सांगितलं. हसले. "मंग आता तू चर्चमध्ये जाऊन राहिली का?"
"बोटच तं ठेवाचं आहे. काहून, बोट बाटते का?"
मग आपणहून म्हणाले, भनपुरीला आमच्या कारखान्यात मशीन बसवायला चिनी इंजिनिअर आलेत, ली म्हणून, त्यांना आणतो. एवढ्या वर्षांच्या संसारात कधीकधी अशी अक्कल दिसते. फार बरं वाटलं.

२ डिसें., रवि.
ली आले. दीदींनी ठेवणीतली साडी नेसून अइरसे, म्हणजे इकडचे अनारसे, तळले होते. लींनी चार खाल्ले, हात धुतले, जमिनीवर बसून एकेक नाव मोठ्याने वाचलं. दीदी प्रत्येकाला "हव... हव..." म्हणत होत्या, जशी काही हजेरीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होत्या. रडल्या. मीही.
एकतिसाव्यावर ली अडले. यांना इंग्रजीत म्हणाले, हे आमच्याकडचं नाव नाही, परक्या नावाचा नुसता उच्चार लिहिलाय. पुन्हा वाचलं. सा-लो-मी.
दीदींनी डोक्यावर पदर घेतला. "मिस साहब ने कभी बताया नहीं." मग लाजून, "और मैं अपने ही लिए इतना माँगती रही!"
"तभी तो इतनी टिकीं, दीदी," मी म्हटलं.
तेव्हा कुठे हसल्या.

१० डिसें.
एकतिसावा आता घेणार नाही म्हणतात. स्वतःसाठी मागणं बरं नाही. हट्टी बाई! मग तो कोण घेणार? ऑपरेशनची तारीख आली. ३१.

२९ डिसें.
दीदींना शंकर नगरच्या दवाखान्यात भरती करून आलो. गोधडी माझ्या हातात दिली. "तीसों नाम अच्छे से. हड़बड़ी नहीं." एकतिसाव्याबद्दल चकार शब्द नाही.

३१ डिसें., सोम.
नऊला आत नेणार होते. आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, तिथेच गोधडी उलगडली. काय म्हणायचं असतं ते विचारायचं राहूनच गेलं. कडेच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि "आमच्या दीदी" एवढंच म्हटलं. मग तेच पुन्हा पुन्हा.
हे दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा चहा घेऊन आले आणि शेजारी मांडी घालून बसले.
साडेअकरा. दवाखान्यातून फोन नाही. उजव्या हाताने हे लिहितेय, डाव्याचं बोट काढवत नाही.