यशवंतरावांच्या नावाचा घास

४ नोव्हेंबर
गजाननाच्या कृपेनं आज अभनपूरहून शहरात, ब्राह्मणपाऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत आलो. नळ दारातच, देऊळ चार पावलांवर. लकव्यानं डावी बाजू गेल्यापासून हे आज पहिल्यांदा हसले. घरमालकीण विनोदिनीताई वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान यशवंतराव याच खोलीत लकव्यानं वारले. त्यांचं थरथरणारं मशीन इथंच आहे, मोठ्या पाटासारखं. त्यावर उभं राहिलं की अंगभर कंप सुटतो, निजलेल्या नसा जाग्या होतात. ताई म्हणाल्या, पडलंच आहे, वापरा. दवाखान्याचा ऑटो वाचला.

७ नोव्हेंबर
फिजिओवाली देवश्री यांना कठड्याला धरून मशीनवर उभं करते. पोट्टी मराठी घरची, पण बोलते हिंदीत. म्हणाली, आंटी, देखना, अंकल नाचेंगे. हे म्हणाले, आधी हिला नाचव, लग्नापासून रुसून आहे.

ताईंनी तेराव्याला यजमानांचा पलंग, काठी, जोडे शय्यादानात दिले. मशीन तेवढं महागाचं, द्यायला जीव झाला नाही म्हणे. ज्याची वस्तू त्याचं नाव घ्यावं, म्हणून मी जेवणाआधी यशवंतरावांच्या नावानं ताटाबाहेर एक घास ठेवून राहिले.

१५ नोव्हेंबर
डावी बोटं हलली! देवापुढे साखर ठेवली.
दुपारी मी वरण आणायला वळले, तेवढ्यात यांच्या डाव्या हातानं ताटाबाहेरचा घास उचलून तोंडात घातला. हे म्हणाले, मी नाही उचलला. म्हटलं, मग काय मांजरीनं भरवला? हे हसले नाहीत.

२१ नोव्हेंबर
डावा हात चांगला चालतो आता. बसल्या बसल्या मिशीला पीळ देतो. यांना मिशी नाही.
ताई जिन्यातून बघत होत्या. म्हणाल्या, ते असंच करायचे. डोळे भरले होते. जाताना सांगून गेल्या, मशीन बंद करू नका हो.

२४ नोव्हेंबर
उजवा हात जड झाला. चमचा धरवत नाही. देवश्री म्हणते, थकान है. यांनी मला जवळ बोलावून विचारलं, काहून उभं करता मले त्याच्यावर? तिथं आधीच एक जण उभा असतो.

२६ नोव्हेंबर
घास ठेवला नाही. डाव्या हातानं ताट उलथलं. मशीनचा प्लग काढला. तरी फरशी थरथरतेच — रामरक्षा म्हणते, मध्येच ओळ विसरते —

२७ नोव्हेंबर
परत अभनपूर. ऑटो दारात. मी आणि देवश्रीनं यांना धरून आणलं. उजवा पाय उंबऱ्याबाहेर पडला. डावा — आतच. दोघींनी ओढला. जमिनीत रोवल्यासारखा. ऑटोवाला निघून गेला. देवश्री माणसं आणायला धावली —

दुपारी
ताई जिना उतरून आल्या. कपाळाला कुंकू. शांतपणे म्हणाल्या, तुमचं तेवढं न्या, आमचं राहू द्या.
डावा पाय उठला. आत वळला, मशीनकडे. उजवा मागं फरफटत —
यांचा उजवा हात घट्ट धरलाय. दुसऱ्या हातानं लिहिते, कोणाला तरी कळावं — यांची बोटं गार पडून राहिली — अर्ध्या तोंडानं हे माझं नाव घेतात, आणि उरलेलं अर्धं ताईंना हाक मारतं —